जहाज का गेले आणि माणसे का गेली: एकोणिसाव्या शतकातल्या बोटी कशा बुडाल्या

प्रश्न असा आला आहे: रत्नागिरीकडच्या एका घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत की खापरपणजोबा ‘आगबोटीवर नोकरीला गेले आणि बोटीबरोबरच गेले’. बोटीचे नाव कुणालाच ठाऊक नाही, काळ साधारण १८७० ते १८९०. विचारणाऱ्याला दोन गोष्टी हव्या आहेत. वादळे तर आजही येतात, मग त्या काळातच एवढी जहाजे का बुडत? आणि अशा माणसाची नोंद आता कुठे शोधायची?

मी व्यापारी जहाजांवर नोकरी केली, कप्तान म्हणून उतरलो आणि पुढे बरीच वर्षे नव्या मुलांना नौकानयन शिकवले. शिकवताना एकोणिसाव्या शतकातले चौकशीचे अहवाल हाताशी असत. त्यातून एक सवय लागली, ती आधी सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. कोणत्याही जहाजबुडीची हकीकत वाचताना दोन प्रश्न वेगळे ठेवा. जहाज का गेले, हा एक. माणसे का गेली, हा दुसरा. लोक हे दोन्ही एकत्र करतात आणि मग सगळे खापर समुद्रावर फुटते. बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याहून अगदी निराळे निघते.

पहिला गैरसमज वादळाचा. भर समुद्रात, चारी बाजूंना पाणी असताना, बरे बांधलेले जहाज सहसा टिकते. धोका जमिनीजवळ असतो. त्या शतकातली कितीतरी जहाजे शांत हवेत, रात्री, किनाऱ्यापासून दोन-चार मैलांवर गेली आहेत. कारण एकच: आपण नेमके कुठे आहोत हे ब्रिजवरच्या (जिथून जहाज हाकतात त्या उंच जागेवरच्या) माणसाला माहीत नव्हते, आणि माहीत आहे असे त्याला वाटत होते.

हे कसे होई ते पाहा. दिवसा सूर्याची उंची मोजून आणि क्रोनोमीटर (जहाजावरचे अगदी अचूक घड्याळ) बघून जागा काढता येई. रात्री, ढगाळ हवेत किंवा अरुंद समुद्रात हाती तीनच गोष्टी उरत: होकायंत्राने दाखवलेली दिशा, वेगाचा अंदाज आणि घड्याळ. त्यावरून नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढायची. दिशेत एका अंशाची चूक असेल तर साठ मैलांत जहाज एक मैल बाजूला जाते. शिवाय खालचा प्रवाह जहाजाला हळूहळू ढकलत असतो आणि तो कोणत्याही यंत्रावर दिसत नाही. किनाऱ्यावरचा दिवा दिसला की पुन्हा खात्री करून घ्यायची, तोवर रेघेवर भरवसा. ती रेघ नकाशावर फार ठाम दिसते, हीच तिची अडचण.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण ‘कार्नॅटिक’चे. पी अँड ओ कंपनीची ही आगबोट सुएझहून मुंबईला यायला निघाली होती. तेव्हा सुएझचा कालवा खुला व्हायला दोन महिने बाकी होते. विलायतेहून येणारे प्रवासी आणि टपाल अलेक्झांड्रियाला उतरत, रेल्वेने सुएझला येत आणि तिथून दुसऱ्या बोटीने मुंबई गाठत. ‘कार्नॅटिक’ या दुसऱ्या टप्प्यावर चालणारी, १८६२ मध्ये लंडनला बांधलेली, जवळजवळ तीनशे फूट लांबीची, वाफ आणि शीड दोन्हींवर चालणारी बोट. १२ सप्टेंबर १८६९ ला सकाळी तिने सुएझ सोडले. बोटीवर ३४ प्रवासी, १७६ खलाशी व नोकर, टपाल, तांब्याचे पत्रे, कापसाचे गठ्ठे आणि ४०,००० पौंडांची नाणी होती.

सुएझच्या आखाताच्या दक्षिण टोकाला गुबलची सामुद्रधुनी लागते. बेटे, प्रवाळाचे खडक आणि मध्ये जहाजांची वाट. कप्तान जोन्स अनुभवी होता आणि त्या रात्री तो स्वतः ब्रिजवर होता, हे मुद्दाम सांगतो, कारण ‘कप्तान झोपला होता’ असले सोपे उत्तर इथे लागू पडत नाही. हवा चांगली होती, वारा मागून होता. अश्रफीच्या दीपगृहाचा दिवा ओळखून मागे टाकला होता. पुढे शदवान बेट दिसायला लागले आणि सगळे ठीक आहे असे वाटत असतानाच उजव्या अंगाला फुटणाऱ्या लाटा दिसल्या. सुकाणू फिरवले, इंजिन उलटे चालवले. १३ तारखेच्या पहाटे १ वाजून १८ मिनिटांनी बोट अबू नुहासच्या प्रवाळावर चढली.

जहाज का गेले, याचे उत्तर इथे संपते. पुढच्या चौकशीत निष्कर्ष निघाला तो असाच: बोट चांगली, हवा चांगली, दिवे होते, फक्त पुरेशी काळजी घेतली गेली नाही.

आता दुसरा प्रश्न. खडकावर चढल्या क्षणी कुणीही मेले नव्हते. पंप पाणी उपसत होते. शदवान बेट जेमतेम तीन मैलांवर. कप्तानाने हिशेब केला: रात्री प्रवाळाच्या रांगांमधून होड्या नेणे धोक्याचे, बोट तर घट्ट बसली आहे, आणि आपल्याच कंपनीची ‘सुमात्रा’ सुएझकडे जाताना या वाटेने जाणार आहे, ती दिसली की सगळ्यांना तिच्यावर चढवू. सकाळ झाली. माल थोडा समुद्रात टाकून बोट हलकी केली. प्रवाशांपैकी काहींनी विनवले की आम्हाला बेटावर सोडा. त्याने नको म्हटले. संध्याकाळी जेवणाची टेबले नेहमीप्रमाणे मांडली गेली. दुसरी रात्र बोटीवरच काढायची ठरली.

त्या रात्री पाणी बॉयलरपर्यंत पोहोचले. आग विझली, वाफ गेली, आणि पंप वाफेवरचे असल्यामुळे तेही थांबले. इथून पुढे बोटीच्या नशिबात काय आहे ते स्पष्ट होते. तरीही होड्या खाली सोडायचा हुकूम १४ तारखेला सकाळी अकराच्या सुमारास निघाला. बायका-मुले पहिल्या होडीत बसत होती तेवढ्यात बोट मधोमध मोडली. मागचा भाग खोल पाण्यात घसरला, पुढचा कलंडला. ३१ जण बुडाले: ५ प्रवासी आणि बोटीवर काम करणारे २६.

ती मोडली का, हे जरा थांबून समजून घेण्यासारखे आहे. तांबड्या समुद्रातला प्रवाळ वरून सपाट असतो आणि कडेला एकदम तुटतो. बोटीचा पुढचा भाग सपाटीवर टेकला होता, मागचा भाग खोल पाण्यावर होता. एरवी पाणी सगळ्या लांबीला सारखा आधार देते म्हणून जहाज आपले वजन पेलते. इथे अर्धी फळी कट्ट्यावर ठेवून अर्धी अधांतरी सोडावी तशी गत झाली, आणि आत शिरलेल्या पाण्याचे वजन अधांतरी भागावर वाढत गेले. वर प्रत्येक लाटेला तो भाग थोडा उचलला जाई आणि पुन्हा बसे. असे चौतीस तास चालले. एवढ्या वेळात सांधे सैल होणारच. खडकावर चढलेले जहाज ‘घट्ट बसले आहे’ म्हणून सुरक्षित समजू नका, हे मी विद्यार्थ्यांना याच बोटीवरून शिकवत असे. घट्ट बसणे हाच तिचा रोग होता.

वाचलेले लोक उरलेल्या होड्यांतून शदवानला पोहोचले. किनाऱ्याला लागलेले कापसाचे गठ्ठे त्यांनी थंडीत पांघरूण म्हणून वापरले, काही पेटवून इशारा केला, आणि ‘सुमात्रा’ने त्यांना उचलले. म्हणजे कप्तानाचा अंदाज खरा ठरला, मदत आली. फक्त ती येईपर्यंत माणसांना बोटीवरच का ठेवले, ते तीन मैलांवरच्या कोरड्या जमिनीवर वाट बघू शकत नव्हते का, याला समाधानकारक उत्तर नाही. त्याचा परवाना नऊ महिने स्थगित झाला. तो पुन्हा समुद्रावर गेला नाही. नाण्यांसाठी मात्र काही आठवड्यांतच हेल्मेटवाले पाणबुडे तिथे उतरले आणि बराचसा पैसा बाहेर काढला. आज ती बोट अबू नुहासच्या पायथ्याशी पंचवीस-सत्तावीस मीटर खोल पडली आहे आणि हौशी पाणबुडे तिच्या लोखंडी सांगाड्यातून पोहतात.

मला कप्तान जोन्सचा राग येत नाही. बोट सोडायचा हुकूम देणे म्हणजे ती गेली हे स्वतःच्या तोंडाने कबूल करणे. मालकाचा पैसा, टपाल, स्वतःची वर्षानुवर्षांची नोकरी, सगळे त्या एका वाक्यात जाते. तो हुकूम उशिरा निघणे हे त्या शतकात पुन्हा पुन्हा दिसते. म्हणून अहवाल वाचताना मी टक्कर किती वाजता झाली हे पाहतोच, पण पहिली होडी किती वाजता पाण्याला लागली हे आधी पाहतो. दोन वेळांमधले अंतर बरेच काही सांगून जाते.

होड्या असून उपयोग न होण्याचे दुसरे रूप ‘बर्कनहेड’मध्ये दिसते. २६ फेब्रुवारी १८५२, दक्षिण आफ्रिकेचा किनारा, डेंजर पॉइंट. सैनिक घेऊन जाणारी ही लोखंडी आगबोट प्रवास लवकर व्हावा म्हणून किनारा धरून चालली होती. पहाटे दोनच्या सुमारास नकाशावर नसलेल्या खडकावर आदळली. कप्तानाने इंजिन उलटे चालवायला सांगितले. त्याने बोट खडकावरून सुटली खरी, पण तळाची भगदाडे मोठी झाली आणि पाणी धो-धो आत आले. ही बोट मुळात युद्धनौका म्हणून बांधलेली, आतल्या पाणी अडवणाऱ्या भिंती भक्कम होत्या. सैनिकांना ये-जा करता यावी म्हणून पुढे त्या भिंतींत वाटा कापल्या होत्या. पाणी त्याच वाटांनी एका खणातून दुसऱ्यात गेले. अर्ध्या तासाच्या आत सगळे आटोपले.

आता होड्यांकडे या. होडी ज्या कप्प्यांवर आणि खिळींवर टांगलेली असते, त्या गंजल्या होत्या. वर्षानुवर्षे रंगाचे थर चढवत गेल्यामुळे खिळी जागच्या जागी चिकटल्या होत्या. तपासणीच्या दिवशी होडी पांढरीशुभ्र दिसते आणि गरजेच्या रात्री जागची हलत नाही. मी ज्या जहाजांवर गेलो तिथे होडी प्रत्यक्ष पाण्यात उतरवून पाहिल्याशिवाय मी सही करत नसे, त्यामागे हीच खिळी होती. ‘बर्कनहेड’वर फक्त तीन लहान होड्या निघाल्या. बोटीवरच्या बायका आणि मुले त्यांत बसली आणि सगळी वाचली. सैनिक डेकवर रांगेत उभे राहिले, होड्यांवर धावून गेले नाहीत, ही गोष्ट जगभर गाजली आणि ती गाजण्याजोगीच आहे. पण साडेसहाशेच्या आसपास माणसांपैकी दोनशेसुद्धा वाचली नाहीत. त्या धैर्याइतकेच त्या रंगाबद्दलही बोलले जायला हवे होते.

विचारणाऱ्याने ‘लोखंडाची जहाजे आल्यावर तरी बुडणे कमी व्हायला हवे होते’ असे म्हटले आहे. उलट सुरुवातीला लोखंडाने एक नवीच भानगड आणली. होकायंत्राची सुई लोखंडाकडे ओढली जाते, आणि इथे तर अख्खे जहाजच लोखंडाचे. एअरी या ब्रिटिश राजज्योतिषाने १८३८ मध्ये लोहचुंबक लावून ही चूक काढायची रीत शोधली होती. तिच्यात एक अडचण राहिली. जहाज बांधताना हातोड्यांच्या घावांनी त्याच्या अंगी जे चुंबकत्व येते, ते समुद्रात लाटांचे तडाखे बसू लागले की बदलते. म्हणजे गोदीत शांत पाण्यात नीट करून दिलेले होकायंत्र पहिल्याच वादळात खोटे बोलू लागते.

‘टेलर’ची गत हीच झाली. नवे कोरे लोखंडी शिडाचे जहाज, १९ जानेवारी १८५४ ला लिव्हरपूलहून मेलबर्नला निघाले, ऑस्ट्रेलियात सोने सापडल्याच्या दिवसांत. दोन होकायंत्रे एकमेकांशी जुळेनात. जहाज दक्षिणेकडे जाते आहे अशी समजूत होती आणि ते चालले होते पश्चिमेला, आयर्लंडकडे. सोडले त्याच्या तिसऱ्या दिवशी ते डब्लिनजवळच्या लँबे बेटाच्या कड्याखाली आदळले. ७१ जणांच्या ताफ्यात नीट तयार झालेले खलाशी निम्म्याच्या आसपास, दोरखंड नवे आणि ताणून सैल पडलेले, सुकाणू जहाजाच्या मानाने लहान. जमीन इतकी जवळ होती की काही जणांनी खडकावर उडी मारली आणि ते वाचले. शंभराहून अधिक बायकांपैकी तिघी वाचल्या. त्या काळचे घोळदार, थरांवर थर असलेले कपडे भिजले की माणूस खालीच जातो, आणि अंगावर मूल असेल तर उडी कशी मारणार? जहाज होकायंत्रामुळे गेले. बायका कपड्यांमुळे आणि पोहायची सवय नसल्यामुळे गेल्या. दोन वेगळी उत्तरे.

वादळाने नेलेली जहाजेही होती, ती टाळून पुढे जाता येणार नाही. ‘रॉयल चार्टर’ मेलबर्नहून सोने आणि सोने कमावलेली माणसे घेऊन येत होते. लिव्हरपूल काही तासांवर असताना, १८५९ च्या ऑक्टोबरमध्ये, २५ आणि २६ तारखेच्या मधल्या रात्री वेल्सच्या अँग्लसी बेटाजवळ त्याला तुफान गाठले. नांगर टाकले, साखळ्या तुटल्या. डोलकाठ्या तोडल्या, इंजिनाची ताकद अपुरी पडली. साडेचारशेच्या आसपास माणसे किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर गेली. जोसेफ रॉजर्स नावाचा माल्टाचा खलाशी कमरेला दोर बांधून त्या लाटांतून किनाऱ्याला पोहोचला आणि त्या दोरावरून काही पुरुष उतरले. बाई किंवा मूल एकही वाचले नाही. त्या एका वादळात ब्रिटनभोवती १३३ जहाजे बुडाली. त्यानंतर ॲडमिरल फिट्झरॉयने तारायंत्राने हवेच्या नोंदी जमवून बंदरांना आगाऊ इशारे द्यायची व्यवस्था १८६१ मध्ये सुरू केली. बंदरात उंच काठीवर सुळके आणि नळकांडी चढवायची पद्धत तेव्हाची. आपल्या कोकणातल्या बंदरांवर जो बावटा लागतो तो त्याच घरातला.

इथे हिंदुस्थानातल्या एका माणसाचे नाव घेतलेच पाहिजे, कारण त्याने केलेले काम मला सर्वांत जवळचे वाटते. हेन्री पिडिंग्टन कलकत्त्यात जहाजबुडीच्या चौकशी न्यायालयाचा अध्यक्ष होता. समोर येणाऱ्या प्रत्येक जहाजाची रोजनिशी तो मागून घेई: किती वाजता वारा कुठून, बॅरोमीटर (हवेचा दाब मोजणारे यंत्र) किती. वेगवेगळ्या जहाजांच्या नोंदी एका नकाशावर मांडल्या की तुफान गोल फिरताना दिसे. १८४५ मध्ये मॉरिशसजवळ ‘चार्ल्स हेडल’ हे शिडाचे जहाज वाऱ्यापुढे पळत सुटले होते. पाठीवर वारा घेऊन आपण लांब चाललो आहोत अशी त्यावरच्यांची समजूत असणार. रोजनिशीवरून मार्ग काढला तेव्हा दिसले की ते चार-पाच दिवस तुफानाच्या मध्याभोवतीच घिरट्या घालत होते. यातून खलाशाला उपयोगी पडेल असा नियम आला: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा, तुफानाचा मध्य तुमच्या उजव्या हाताला, थोडा मागे असतो. हातात दुसरे काही नसताना एवढ्यावर जहाज वाचवता येते.

आता आपल्या समुद्रातली, आपल्याच नदीचे नाव असलेली बोट. ‘वैतरणा’ १८८५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथला बांधली गेली. मुंबईच्या शेफर्ड कंपनीची. याच कंपनीच्या आगबोटी कोकणकिनाऱ्यावरही चालत. सुमारे १७० फूट लांब, २६-२७ फूट रुंद. विजेचे दिवे असल्यामुळे कच्छ-काठियावाडात लोक तिला ‘वीजळी’ म्हणत आणि कप्तान हाजी कासमच्या नावासकट ती तिथल्या लोकगीतांत आजही आहे. ८ नोव्हेंबर १८८८ ला ती मांडवीहून निघाली, द्वारकेला आणखी माणसे घेतली. दिवाळी नुकतीच झालेली. मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुले बोटीवर होती. हवा बिघडली म्हणून पोरबंदरला न थांबता बोट सरळ मुंबईकडे निघाली. नंतर ती दिसली नाही. सातशेच्या वर माणसे होती. प्रेते नाहीत, फळकूट नाही.

नोव्हेंबर महिना ध्यानात घ्या. अरबी समुद्रात तुफानांचे दोन हंगाम, एक पावसाच्या तोंडावर मे-जूनमध्ये, दुसरा पावसानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पावसाळ्यात बंदरे बंद असतात, नारळी पौर्णिमेनंतर समुद्र मोकळा होतो आणि दिवाळीपर्यंत माणूस निर्धास्त झालेला असतो. नेमक्या त्याच वेळी दुसरा हंगाम येतो. आपल्या पट्ट्यात बॅरोमीटरचा पारा रोज ठरल्याप्रमाणे सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो आणि दोन्ही चारांना उतरतो. हे चढउतार इतके नियमित असतात की ते बिघडले की काहीतरी आहे हे कळते. नेहमीच्या पातळीपेक्षा तीन मिलिबार खाली गेला तर सावध व्हायचे, पाच गेला तर तुफान जवळ आहे असेच धरून चालायचे. पण किनारा धरून चालणाऱ्या बोटीला कळूनही वळायला जागा लागते. एका अंगाला जमीन, दुसऱ्या अंगाला तुफान, आणि बोट अरुंद, वर डेकवर माणसे खचाखच. माणसे वर असली की वजन वर जाते, आणि लाटेने एका बाजूला कललेली बोट परत सरळ व्हायला आळस करते. घाबरून सगळे एका कठड्याकडे धावले तर ती सरळ होतच नाही.

हे मी सामान्य ज्ञानावरून सांगतो. ‘वैतरणा’बाबत जहाज का गेले हे तुफानापलीकडे कुणी सिद्ध करू शकले नाही. माणसे का गेली, याबद्दल मात्र मुंबईत चौकशी होऊन होड्या आणि जीवरक्षक साधने माणसांच्या मानाने अपुरी होती असे निघाले. आणि हा एकट्या या बोटीचा दोष नव्हता. १८५४ च्या ब्रिटिश कायद्याने किती होड्या ठेवायच्या हे जहाजाच्या टनांवर ठरत असे, आत किती माणसे बसली आहेत यावर नाही. किनाऱ्याकिनाऱ्याने शेकडो डेक-प्रवासी नेणाऱ्या लहान बोटीला हा नियम लावला की काय होते ते उघड आहे. जादा माल भरून जहाजे धाडण्याविरुद्ध सॅम्युअल प्लिम्सॉलने पार्लमेंटात आरडाओरडा केला तेव्हा १८७६ मध्ये जहाजाच्या कुशीवर भाररेषा काढायचा कायदा झाला, आणि त्यातही रेषा कुठे काढायची हे मालकावर सोडले होते. ती पळवाट बंद व्हायला १८९० उजाडले. मधल्या चौदा वर्षांत किती माणसे त्या पळवाटेतून गेली असतील, याचा विचार करून मला आजही संताप येतो.

आता खापरपणजोबांकडे. मुंबईला भरती होणाऱ्या आगबोटींवर काम वाटलेले असे: डेकवर कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे खलाशी, बॉयलरपाशी बहुधा सिद्दी आणि पंजाबी किंवा पठाण, जेवणघरात गोव्याचे. रत्नागिरीकडचा माणूस असेल तर बहुधा डेकवरचा, आणि तो एकटा गेला नसणार. सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, आपल्या गावची, आपल्या नात्याची माणसे घेऊन बोटीवर चढत असे. म्हणून शोध स्वतःच्या घरापासून सुरू करू नका. गावात आणखी कोणाच्या घरात ‘त्याच बोटीवर गेले’ असे सांगतात का, ते विचारा. दोन-तीन घरे सापडली तर साल आणि बोट दोन्ही पक्की व्हायला लागतात, कारण एका घराला महिना आठवतो, दुसऱ्याला बंदर. कुणाच्या श्राद्धाची तिथी ठरलेली असेल तर तीही विचारा. तिथी आणि अंदाजे साल मिळाले की पंचांगावरून तारखा काढून त्या दिवसांच्या जहाजबुड्या पडताळता येतात.

बोटीचे नाव हाती आले की पुढची वाट आहे. ब्रिटिश नोंदणीच्या जहाजांचे खलाशांबरोबरचे करारनामे जपून ठेवले आहेत. १८६३ नंतरच्या करारनाम्यांचा मोठा भाग कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहे. १८६५, १८७५, १८८५ अशा पाचाने संपणाऱ्या वर्षांचे ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात, आणि काही भाग लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात. १८७६ पासूनचे चौकशी-अहवाल साउथॅम्प्टनच्या ग्रंथालयाने आंतरजालावर ठेवले आहेत, बोटीच्या नावावरून शोधता येतात. मुंबईत महाराष्ट्र राज्य अभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, मुंबई सरकारच्या सागरी खात्याचे दप्तर पाहा. त्या काळची ‘टाइम्स ऑफ इंडिया’, ‘बॉम्बे गॅझेट’, ‘मुंबई समाचार’ यांत बोट हरवल्याच्या बातम्या सविस्तर येत.

नावे शोधताना हे लक्षात ठेवा की ती इंग्रज कारकुनाच्या कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत. आडनाव बहुतेकदा नसते, बापाचे नाव असते, गाव असले तर वेड्यावाकड्या स्पेलिंगमध्ये. बातमीत प्रवाशांची नावे येतात आणि खलाशांचा नुसता आकडा, ‘कार्नॅटिक’च्या २६ जणांसारखा. म्हणून वर्तमानपत्रात नाव नाही म्हणजे माणूस त्या बोटीवर नव्हता, असे समजू नका. करारनाम्यात सारंगाचे नाव आधी शोधा, त्याच्या खाली त्याची माणसे असतात. बोट बुडाली असेल तर नावासमोर नोकरी संपल्याची तारीख म्हणून बुडण्याचीच तारीख टाकलेली असते, कारण पगार त्या दिवसापर्यंतच धरला जाई.